घागर ते नळ : मुंबईच्या पाण्याची राखण

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत कार्याचा अहवाल, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली आणि दिवंगतांचे स्मरण यांना प्रतिवर्षी स्थान असते, आणि ते योग्यच आहे. यंदा संपादक मंडळाने आम्हांस एखादा ऐतिहासिक विषय हाती घेण्याची आज्ञा केली. आम्ही पेशाने शिक्षक; विद्या मॅट्रिकपर्यंतची. राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. आम्ही मात्र अशा वस्तूचा इतिहास निवडला, की जी आपल्या घरी रोज येते, आणि येत आहे तोवर जिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ती वस्तू म्हणजे नळाचे पाणी.

मुंबई हे मुळात बेट. भोवती अथांग पाणी, पण पिण्याजोगे त्यातले एक ओंजळही नाही. पावसाळ्यात आकाशातून जे पडेल ते विहिरींत आणि तळ्यांत साठवावे आणि पुढचा मृग लागेपर्यंत पुरवून पुरवून वापरावे, हाच येथील संसार. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी ही नावे आपण बसच्या पाटीवर वाचतो. तेथे एके काळी खरोखरीच पाणी होते, हे नव्या पिढीस सांगावे लागते. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांनी बांधलेला तलाव. धोबी तलावाचा जीर्णोद्धार फ्रामजी कावसजी या दानशूर पारशी गृहस्थांनी स्वखर्चाने केला, म्हणून सरकारने त्यास त्यांचे नाव दिले. तहानलेल्यास पाणी देणे यासारखे पुण्य नाही, ही समजूत सर्व धर्मांत सारखीच दिसते.

परंतु पुण्यकर्माने शहराची तहान भागत नाही. वस्ती वाढली, तसतसे तळ्यांचे पाणी आटू आणि नासू लागले. ज्या तळ्यावर माणसे पाणी भरीत त्याच्याच काठी कपडे धुतले जात, गुरे धुतली जात. १८५४ साली तर पाण्याचा असा दुष्काळ पडला, की बाहेरून पाणी आणून शहराची तहान भागवण्याची वेळ आली. अशा काळात हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने मांडलेला विचार आज साधा वाटतो, पण त्या वेळी तो धाडसाचा होता. शहराच्या आत पाणी शोधत बसण्यापेक्षा शहराबाहेर, साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाकडील खोरे अडवावे आणि तेथून लोखंडी नळांनी पाणी आणावे, असा तो विचार. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईत आले. डोंगर उंच आणि शहर सखल, त्यामुळे पाणी आपल्याच भाराने वाहत आले. पंप लागला नाही, बैल लागला नाही.

चारच वर्षांनी, १८६४ च्या शिरगणतीत, मुंबईची लोकसंख्या आठ लाखांच्या वर भरली. कापसाच्या व्यापाराला आलेली ती भरती होती. विहार अपुरा पडला, म्हणून त्याच्याच शेजारी तुळशी तलाव बांधण्यात आला. तो १८७९ साली पूर्ण झाला. मलबार टेकडीवर आणि माझगावच्या भंडारवाड्यावर पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. आपण मुलाबाळांना घेऊन ज्या हँगिंग गार्डनमध्ये जातो, ती बाग अशा टाकीच्या छतावर लावलेली आहे. माथ्यावर फुले आणि पोटात शहराचे पाणी. साठवलेले पाणी उघड्यावर ठेवावयाचे नाही, त्यावर पाला, पाखरू, धूळ पडू द्यावयाची नाही, हा धडा मुंबईने जुन्या तळ्यांकडून घेतला होता.

एक धडा मात्र तिला पैसे मोजून घ्यावा लागला. १८९१ च्या सुमारास पवईचा तलाव झाला. पण त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही, आणि पिण्यासाठी त्याचा उपयोग सोडून द्यावा लागला. विहार, तुळशी आणि पवई हे शेजारी. पाऊस तिघांवर सारखाच पडतो. तरी दोन तलाव आजही शहराला पाणी पाजतात आणि तिसरा केवळ शोभेला व कारखान्यांच्या वापरास उरला आहे. धरण बांधले म्हणजे पाणी मिळाले असे होत नाही. पाणी आणणे ही एक विद्या आणि पाणी राखणे ही दुसरी. आणि आमच्या मते दुसरी अधिक कठीण.

या राखणीचा पहिला पहारेकरी म्हणजे अरण्य. विहार आणि तुळशी यांच्या भोवतीचे रान आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. पावसाचे पाणी झाडांच्या मुळांतून, पालापाचोळ्यातून गाळत गाळत तलावात उतरते. माती जागेवर राहते, तलाव गाळाने भरत नाही. वाघबिबट्यांसाठी रान राखावे असे म्हणणाऱ्यांस काही लोक हसतात. त्यांनी इतकेच ध्यानात घ्यावे, की त्या रानाच्या आश्रयास आपली घागरही आहे.

१८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते तानसा योजनेचे उद्घाटन झाले. ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या मुलखात, सुमारे पावणेदोन मैल लांबीचा दगडी बांध तेव्हा घातला गेला. त्याही तलावाभोवतीच्या रानाला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तानसाचे पाणी आले आणि मुंबईची जुनी तळी एकामागून एक बुजविण्यात आली. विहिरींचा प्रश्न निराळा होता. हिवतापाने शहर बेजार झाले असता डॉ. बेंटले यांनी १९११ साली अहवाल दिला, की मलेरियाचा डास शहरातील उघड्या विहिरींत वाढतो. विहिरी बुजवाव्या किंवा झाकाव्या, असा आदेश निघू लागला. त्यावर हिंदू आणि पारशी या दोन्ही समाजांतून हरकती आल्या. कारण विहीर ही पूजेची जागा होती. १७२५ साली खोदलेली भिखा बेहराम यांची विहीर चर्चगेटजवळ आजही श्रद्धेने जपलेली आहे. आमच्या आजीही देवपूजेस विहिरीचेच पाणी आणीत असत. नळाचे पाणी कोणाकोणाच्या हातून येते कोण जाणे, असे त्या म्हणत.

हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले आहे. ही स्मरणिका एका ज्ञातिसंस्थेची आहे आणि पाण्याचा इतिहास लिहिताना ज्ञातीचा विषय टाळणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय. विहिरीवर कोणी चढावे आणि कोणी खाली ताटकळत उभे राहावे, हे आपल्या देशात जन्मावरून ठरत असे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असे मान्य करून घेतले. तरीही महाडचे चवदार तळे ठरावाने खुले झाले नाही; १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या हजारो अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. मुंबईच्या जमिनीखालून धावणारा लोखंडी नळ कोणाची जात विचारीत नाही. आजींना ज्याचा संकोच वाटे, तोच त्या नळाचा मोठा गुण होता, हे उमजावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतरची मोठी योजना वैतरणेची. महापालिकेचे अभियंते नानासाहेब मोडक यांच्या देखरेखीखाली झालेल्या या धरणाचे पाणी १९५७ च्या सुमारास शहरास मिळू लागले, आणि त्या जलाशयाला मोडकसागर हे नाव पडले. पूर्वीचे तलाव इंग्रज अभियंत्यांनी बांधले होते. हा आपल्या माणसांनी बांधला, याचा अभिमान आमच्या वडिलांच्या बोलण्यात असे. पुढे १९७० नंतर नाशिक जिल्ह्यातील अप्पर वैतरणा, १९८० नंतर टप्प्याटप्प्याने भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा यांची भर पडली. आज या सात तलावांतून मुंबईला दररोज ३७५ कोटी लिटरांहून अधिक पाणी येते. त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे. आणि ज्या विहार-तुळशीपासून आरंभ झाला त्यांचा वाटा शंभरात जेमतेम तीन. भातसेचे पाणी आधी नदीतून पिसे येथपर्यंत येते, तेथून ते उपसून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात न्यावे लागते. कॉनिबेअरच्या काळी जे काम डोंगराचा उतार फुकट करीत होता, त्याचा मोठा भाग आता विजेवर चालतो.

भांडुप आणि पांजरापूर येथे पाण्यावर जे संस्कार होतात ते आपल्या आजीबाई करीत त्याहून तत्त्वतः निराळे नाहीत. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत. तेथेही तशाच द्रव्याने गाळाचे कण एकमेकांस चिकटवून तळाशी बसवितात. आजी फडक्याने गाळीत. तेथे वाळूच्या थरातून गाळतात. शेवटी क्लोरीन घालतात, आणि त्याचा थोडा अंश पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवतात. नळाच्या पाण्यास औषधाचा वास येतो म्हणून पुष्कळ गृहिणी नाक मुरडतात. तो वास म्हणजे केंद्रापासून आपल्या घागरीपर्यंत पाण्याबरोबर चालत आलेला शिपाई होय. वाटेत रोगजंतू शिरलाच, तर त्याच्याशी झुंजणारा तो एकटाच असतो.

वाटेत जंतू शिरतो कसा, हे आम्ही लहानपणी पाहिले. आमची चाळ गिरगावात. नळ पहाटे येई आणि तासा-दीड तासात जाई. ज्या नळात पाणी जोराने वाहत असते तो फुटला तरी पाणी बाहेर उडते, बाहेरचे आत येत नाही. पण नळ रिकामा झाला की त्याच्या फटींतून भोवतीची घाण आत ओढली जाते. आमच्या चाळीचा नळ गटाराला लागून होता आणि एके ठिकाणी गंजला होता. एका पावसाळ्यात चाळीतील अकरा जणांस कावीळ झाली. त्यांत आमची धाकटी बहीण होती. ती दीड महिना अंथरुणास खिळून होती. आई रात्रभर तिच्या उशाशी बसे आणि पहाटे उठून त्याच नळावर रांगेत उभी राही. बहीण बरी झाली. पण डोंगरातून, रानातून, इतक्या कोसांवरून निर्मळ राखून आणलेले पाणी आमच्या दारापासून दहा हातांवर नासले, ही गोष्ट आम्ही विसरलो नाही. आता पालिका जमिनीच्या खोल पोटात खडकातून बोगदे काढून पाणी नेत आहे, त्याचे एक कारण हेच. तेथे गटार पोहोचत नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही शाळेतील मुलांना घेऊन तानसा पाहण्यास गेलो. उन्हाळ्याचे दिवस होते. तलाव पाहून परतताना वाटेत एका पाड्याजवळ बायका डोक्यावर हंडे घेऊन रांगेने चालताना दिसल्या. सहावीतल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, तलाव इथे जवळच आहे, मग यांना पाणी लांबून का आणावे लागते?” शिक्षकी पेशात आम्ही हजारो प्रश्नांची उत्तरे दिली, या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी “गाडीत बसा” एवढेच म्हणालो. भातसा, तानसा आणि मोडकसागर ज्या शहापूर तालुक्याशी निगडित आहेत, त्याच तालुक्यातील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, हे वर्तमानपत्रांतून आपण वर्षानुवर्षे वाचतो. आपण मुंबईकर ज्याला आपले पाणी म्हणतो, तो दुसऱ्यांच्या शिवारात पडलेला पाऊस आहे. त्याची किंमत आपण पाणीपट्टीत भरतो खरी. पण ती पालिकेला पोहोचते, त्या पाड्याला नव्हे.

ज्ञातिबंधू आणि भगिनींनो, मोठ्या योजना आखणे आपल्या हाती नाही. पण आपल्या घरापुरती राखण आपण करू शकतो. इमारतीच्या गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट बसते की नाही हे वर जाऊन पाहावे. पालिकेचा माणूस तपासणीस येतो तेव्हा त्यास पिटाळून लावू नये. पावसाळ्यापूर्वी टाकी धुवावी. गळका नळ हा केवळ गळका नळ नसून घाणीला उघडलेली वाट आहे, हे मुलांस सांगावे. आणि आमची एक नम्र सूचना आहे. मंडळाची पुढील सहल एखाद्या रिसॉर्टला न नेता उन्हाळ्यात शहापूरकडे न्यावी, आणि वाटेत जो पाडा लागेल तेथे थांबून, तेथील माणसांशी चार शब्द बोलून, त्यांच्या विहिरीसाठी वा टाकीसाठी मंडळाच्या निधीतून काय करता येईल ते विचारून यावे. बरोबर मुले असावीत. त्यांतील कोणी तोच प्रश्न विचारील, आणि त्या वेळी त्यास उत्तर देण्याजोगे आपल्या हातून काही घडलेले असावे, एवढीच आमची इच्छा आहे.