जकातदाराची प्रार्थना



दारूचा प्रश्न निघाला की आपल्याला प्रथम कायदा आठवतो. अमेरिकेने १९२० साली संबंध देशात दारूबंदी पुकारली आणि १९३३ साली ती मागे घेतली. आपल्याकडेही १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. कायद्याने गुत्त्याला कुलूप घालता येते. परंतु पिणाऱ्याच्या मनात दारूने जी जागा बळकावलेली असते, तिथवर सरकारचा शिपाई पोचू शकत नाही. त्या जागेचा शोध घेणाऱ्या काही माणसांची हकीकत आज मी सांगणार आहे. ती माणसे अमेरिकेतील होती, ख्रिस्ती वातावरणात वाढलेली होती, आणि त्यांना जे सापडले ते थोडक्यात असे : दारुड्याला त्याच्या दुबळेपणापेक्षा त्याचा ताठाच अधिक घट्ट बांधून ठेवतो.

हे ऐकताना उफराटे वाटेल. रस्त्यात पडलेल्या माणसाला कसला आला आहे ताठा? पण ज्यांच्या घरात हे दुःख आहे त्यांना विचारा. ‘मनात आणले तर उद्या सोडीन’ हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलेले असते. त्या वाक्यातला ‘मी’ कोणापुढे हात पसरायला तयार नसतो, म्हणून तो उद्या कधी उगवत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. दोघेजण मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे आचारविचाराने सोवळा गृहस्थ. दुसरा जकातदार, म्हणजे रोमन सत्तेसाठी लोकांना नाडणारा. परूशी आपल्या उपासांचा आणि दानधर्माचा पाढा वाचतो, आणि आपण त्या जकातदारासारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहून, मान खाली घालून, छाती बडवीत दयेची याचना करतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. आपल्या संतांनीही देवापाशी लहानपण मागितले; तेव्हा मराठी मनाला हा दृष्टान्त परका वाटू नये. आजची हकीकत म्हणजे परूशी होण्याच्या मोहातून सुटून पुनःपुन्हा जकातदाराच्या जागी येऊन उभे राहण्याची हकीकत आहे.

तिचा आरंभ एका पाद्र्यापासून होतो. पेन्सिल्व्हेनियातील ल्यूथरपंथीय धर्मोपदेशक फ्रँक बुकमन हा फिलाडेल्फिया शहरात तरुण मुलांसाठी वसतिगृह चालवीत असे. खर्चाच्या प्रश्नावरून व्यवस्थापक मंडळाशी त्याचे बिनसले आणि त्याने रागाने राजीनामा दिला. तो राग उराशी धरून तो १९०८ साली इंग्लंडमध्ये केझिक येथे आला. तिथे एका लहानशा प्रार्थनामंदिरात एक बाई ख्रिस्ताच्या वधस्तंभावर बोलत होत्या. ऐकता ऐकता बुकमनला उमगले की, मंडळातील सहा जणांनी अन्याय केला असेलही, पण मनात धुमसणारा हा गर्व काही त्यांचा नव्हे, आपलाच आहे. त्याने त्या सहाही जणांना पत्रे लिहून क्षमा मागितली. पुढे त्याच्याभोवती जे अनुयायी जमले, त्यांना ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ हे नाव पडले. शिकवण साधी होती : स्वतःला देवाच्या स्वाधीन करा, आपले दोष दुसऱ्या माणसापाशी कबूल करा, ज्याचे नुकसान केले असेल त्याची भरपाई करा, आणि देवाचा आदेश ऐकण्यासाठी रोज काही वेळ शांत बसा.

या मंडळाच्या संगतीने दारू सोडलेला एबी थॅचर नावाचा गृहस्थ नोव्हेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आपल्या जुन्या सोबत्याला भेटायला गेला. सोबती म्हणजे बिल विल्सन. शेअरबाजारातील हुशार माणूस, पण दारूपायी धुळीला मिळालेला. बिलने पेला पुढे केला. एबीने तो नाकारला आणि आपल्याला धर्माने वाचवले असे सांगितले. बिलला धर्माचे वावडे होते. आपल्याहून मोठ्या शक्तीपुढे मान लववणे त्याच्या बुद्धीला कमीपणाचे वाटे. पण पुढच्याच महिन्यात तो पुन्हा टाउन्स रुग्णालयात दाखल झाला, आणि तिथल्या काळोखात, देव असेल तर त्याने समोर यावे, असा त्याने टाहो फोडला. आपली खोली प्रकाशाने भरून गेली आणि मनाला विलक्षण शांती लाभली, असे तो पुढे सांगत असे. त्यानंतर त्याने कधी दारूला स्पर्श केला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती एका साक्षात्काराची कथा झाली असती. पण खरी परीक्षा पुढेच होती. हा माणूस न्यूयॉर्कमधील दारुड्यांच्या मागे लागला आणि पाच-सहा महिने आपल्या अनुभवाची प्रवचने झोडीत राहिला. परिणाम काय? एकही सुधारला नाही. डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला बजावले की, उपदेश थांबव आणि हा आजार किती जीवघेणा आहे ते आधी सांग. कालचा जकातदार नकळत परूशी झाला होता. अहंकार असाच असतो. पुढच्या दाराने हाकलला तर मागच्या दाराने सोवळे नेसून आत येतो.

मे १९३५ मध्ये एका कंपनीच्या व्यवहारासाठी विल्सन ओहायोमधील अ‍ॅक्रन शहरी गेला. व्यवहार फसला. हॉटेलच्या दालनात एका टोकाला मद्यालय होते, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. पाय मद्यालयाकडे वळू लागले तेव्हा त्याला एक सत्य दिसले : त्या सहा महिन्यांत दुसरा कोणी वाचला नसला, तरी दुसऱ्याशी बोलता बोलता आपण स्वतः वाचलो होतो. त्याने टेलिफोन उचलला, एका पाद्र्याला गाठले, आणि त्याच्यामार्फत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंकडे पोचला. १२ मे रोजी त्यांच्या घरी त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. हे शल्यविशारद ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभांना दोन-अडीच वर्षे जात होते आणि पीतही होते. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही, असे सांगून ते आले आणि सहा तास बसले. कारण उघड आहे. आजवर जो तो त्यांना वाचवायला येई. हा मनुष्य स्वतः वाचावे म्हणून आला होता. त्याने उपदेश केला नाही, आपली कहाणी सांगितली.

विल्सन त्यांच्याच घरी राहिला. डॉक्टरांच्या पत्नी अ‍ॅन सकाळी बायबल वाचून दाखवीत; गिरिप्रवचन आणि याकोबाचे पत्र यांचे त्या घरात चिंतन चाले. डॉक्टर मध्ये एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी, हाताचा कंप थांबावा म्हणून थोडी बिअर घेऊन, त्यांनी एक शस्त्रक्रिया केली. ती उरकली, पण डॉक्टर घरी येईनात. पुन्हा गुत्त्यात गेले असतील या धास्तीने घरची मंडळी तळमळत होती. डॉक्टर गेले होते दारोदार : सावकारांकडे आणि ज्यांना दुखावले होते त्यांच्याकडे, आपले व्यसन कबूल करून झाले-गेले निस्तरायला. आपला दोष उघड झाला तर व्यवसाय बुडेल, या भीतीने इतकी वर्षे जे ओठांवर येऊ दिले नव्हते, ते त्या दिवशी त्यांनी तोंडाने सांगितले. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, ही गिरिप्रवचनातील आज्ञा अ‍ॅक्रनच्या रस्त्यांवर अशी पाळली गेली. तो दिवस पुढे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे अनामिक मद्यपींच्या संघटनेचा जन्मदिवस मानला गेला.

व्यक्तीचा गर्व जिंकला, तरी संस्थेचा गर्व उरतोच. ऑक्सफर्ड ग्रुपला बड्या नावांची ओढ होती. क्षमेची पत्रे लिहिणाऱ्या त्याच बुकमनने १९३६ साली एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत, साम्यवादाविरुद्ध बांध घालणारा म्हणून हिटलरबद्दल धन्यवादाचे उद्गार काढले आणि मोठा गदारोळ उडाला. न्यूयॉर्कचे मद्यपी १९३७ साली त्या मंडळातून वेगळे झाले, अ‍ॅक्रनचे १९३९ साली. त्यांनी आपला ग्रंथ एप्रिल १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील बारा पायऱ्यांच्या मसुद्यावर कडाक्याचा वाद झाला. काहींना तो अस्सल ख्रिस्ती भाषेत हवा होता, तर काहींना देवाचे नावही नको होते. शेवटी ‘देव’ राहिला, पण ज्याला तो जसा उमगला असेल तसा. गुडघे टेकण्याचा उल्लेख गाळला गेला. मात्र ‘नम्रपणे’ हा शब्द तसाच ठेवला. ख्रिस्ती श्रद्धेने वाचलेल्या माणसांनी आपले दार हेच एकमेव दार असा आग्रह सोडला. माझ्या मते, त्यांच्या श्रद्धेचा हा पराभव नव्हे. तिने सोडलेला तो शेवटचा गर्व होय.

अनामिकतेचा नियमही याच धोरणाचा. नाव झाले की डोके फिरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९५४ साली येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी विल्सनने नाकारली. डॉक्टर स्मिथ १९५० साली वारले. मृत्यूपूर्वी मित्रांनी स्मारकाची कल्पना काढली तेव्हा, इतरांना पुरतात तसेच आपल्याला पुरावे, एवढेच त्यांनी सांगितले. त्यांच्या थडग्यावर चळवळीचा उल्लेख नाही. विल्सनच्या थडग्यावरही नाही. ही देवमाणसे नव्हती. विल्सनची दारू सुटली, सिगारेट मात्र फार उशिरा सुटली, आणि फुप्फुसाच्या विकाराने १९७१ साली तो गेला. दारूचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यक आज मानते. त्यावर सर्वांना एकच उपाय लागू पडतो असे नाही, हेही खरे.

तथापि या प्रवाहाचे पाणी आपल्या दारापर्यंत आलेले आहे. बुकमनच्या चळवळीने पुढे ‘नैतिक पुनःशस्त्रीकरण’ हे नाव घेतले आणि तिचे केंद्र १९६८ साली पाचगणीला सुरू झाले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या मुक्तांगणच्या कामातही अनामिक मद्यपींच्या सभांना स्थान मिळाले.

आता शेवटचे, आपल्यासंबंधी. आपल्या आळीत, कदाचित घरातही, असा एखादा माणूस असेल. त्याला पाहून आपल्या मनात पहिली प्रार्थना कोणाची उमटते, परूशीची की जकातदाराची? अ‍ॅक्रनच्या डॉक्टरांना पंधरा मिनिटे पुरे वाटत होती. सहा तास बसवले ते समोरच्याच्या कबुलीने. आपण व्यसनी नसू, पण कबूल करण्यासारखे काही आपल्यापाशी नाही असे कोण म्हणेल? त्याच्याशी बोलायला जाताना आपण त्याच्यासारखे नाही, हे सांगण्याचे तेवढे टाळू या.