काशीचा घाट आणि मराठी यात्रेकरू

काशी पाहावी ती नदीतून. गल्लीबोळांतून हिंडणाऱ्याला ते नगर तुकड्यातुकड्यांनी भेटते; नावेतून येणाऱ्यापुढे मात्र ते एकदम उभे राहते. दक्षिणेकडून आलेली गंगा येथे उत्तरवाहिनी होते. तिचा पूर्वेकडील काठ सखल व वाळूचा आहे, पश्चिमेकडील उंच आणि कठीण आहे. म्हणून सारे नगर पश्चिम तीरावर वसले आणि त्याचे मुख उगवत्या सूर्याकडे झाले. अस्सीपासून राजघाटाच्या पलीकडे आदिकेशवापर्यंत पायऱ्यांची रांग पसरली आहे. घाटांची संख्या चौऱ्यांशी सांगतात. नाव प्रवाहाबरोबर उत्तरेकडे सरकू लागली, की मराठी माणसाच्या कानी ओळखीची नावे पडू लागतात : मुन्शी घाट, अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, भोसले घाट. हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या या तीरावर ही नावे कशी आली, हा इतिहासाचा एक मनोरंजक प्रश्न आहे.

या वाटेने आधी विद्या गेली, सत्ता मागाहून गेली. सोळाव्या शतकात पैठणचे भट्ट घराणे काशीस स्थायिक झाले. त्या घराण्यातील नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांत यात्रेकरूने काय करावे व कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. आजच्या भाषेत बोलायचे, तर तो यात्रेकरूंचा मार्गदर्शकच होय. याच घराण्यातील गागाभट्टांनी 1674 साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. सह्याद्रीतील नव्या राज्याला शास्त्राचा आधार हवा होता, तो गंगाकाठच्या एका मराठी पंडिताने दिला.

तथापि वाट सोपी नव्हती. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई 1735 साली पुण्याहून निघाल्या. उदयपूर, जयपूर येथील दरबारांनी त्यांचा सन्मान केला. मथुरा, प्रयाग, काशी, गया करून त्या 1736 साली परतल्या. पेशव्याच्या मातेला, लवाजमा बरोबर असताना, एवढा काळ लागला. सामान्य यात्रेकरूजवळ लवाजमा नव्हता. तो घरच्यांचा निरोप घेई तो परत येण्याची खात्री न धरताच. आणि काशीत देह पडला तर मोक्ष, अशी श्रद्धा असल्यामुळे त्या अनिश्चिततेचे भय थोडे कमी होई.

काशी आणि प्रयाग आपल्या अमलाखाली यावीत, अशी पेशव्यांची मोठी आकांक्षा होती. ती पुरी झाली नाही. काशी अयोध्येच्या नवाबाकडे राहिली आणि 1775 साली ती इंग्रजांच्या कंपनीकडे गेली. परंतु जे तलवारीला साधले नाही, ते पाथरवटाच्या छिन्नीला साधले. 1669 साली औरंगजेबाच्या हुकुमाने विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले होते. त्याच्या शेजारीच अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास आजचे मंदिर उभारले. नागपूरकर भोसल्यांनी घाट बांधला, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बिंदुमाधवाचे देऊळ उभे केले. पेशव्यांच्या काळातील बालाजीच्या मंदिरात पुढे विसाव्या शतकात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत. परक्या राज्यात, परक्याच्या परवानगीने उभारलेली ही वास्तू. तिच्यावर राजमुद्रा नव्हती, म्हणूनच कदाचित ती सर्वांची झाली.

सर्वच बांधकामे नदीने निमूटपणे पत्करली, असे मात्र नाही. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास बांधविलेला भव्य घाट स्वतःच्याच भाराने खचला. पुराचा लोंढा पायऱ्यांखालची माती नेतो आणि वरचा दगड खाली बसतो. जवळच रत्नेश्वराचे मंदिर आजही एका अंगाला कललेले दिसते. काशीत दगड टिकवायचा, तर प्रत्येक पिढीने त्याची डागडुजी करावी लागते.

याच बायजाबाईंच्या मथुरेतील नियोजित यज्ञाची वार्ता ऐकून 1857 साली पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते. दक्षिणा मिळेल, ही आशा होती. वाटेत बंडाची धामधूम उसळली. झाशीचा वेढा आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळविलेले द्रव्य गेले. ज्या राणीचा त्यांना आश्रय मिळाला, तिचा जन्मही काशीतच एका मराठी कुटुंबात झाला होता. अखेर द्रव्याऐवजी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी आले आणि त्या जलाने त्यांनी मातापित्यांना स्नान घातले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे वृत्त 1907 साली प्रसिद्ध झाले. राजांनी घाट बांधले, ते अशाच रिकाम्या हातांच्या माणसांसाठी.

1887 साली राजघाटाजवळ गंगेवर रेल्वेचा पूल झाला आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. नदीची वाट मागे पडली. ती अलीकडे पुन्हा जागी होत आहे. प्रयागराज ते हल्दिया हा 1,620 किलोमीटरांचा प्रवाह 1986 साली राष्ट्रीय जलमार्ग ठरला. 2018 साली रामनगरजवळ मालवाहतुकीचे बंदर सुरू झाले. आणि 13 जानेवारी 2023 रोजी ‘गंगा विलास’ ही प्रवासी नौका काशीहून दिब्रुगडपर्यंतच्या 51 दिवसांच्या सफरीस निघाली. 2021 सालापासून घाटावरून थेट विश्वनाथाच्या मंदिराकडे जाणारी प्रशस्त वाटही खुली झाली आहे.

आजच्या प्रवाशाला निरोपाच्या वेळी परत येण्याची शंका नसते. त्याने नावेतून अहिल्याबाई घाटावर उतरावे आणि क्षणभर पायऱ्यांकडे पाहावे. मधोमध त्या गुळगुळीत झाल्या आहेत. ती झीज पाण्याची आहे, तशीच पावलांचीही; आणि त्यांतली किती पावले कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून चालत आली होती, याची नोंद कोणत्याच बखरीत नाही.