मुदतपूर्व निवृत्तिवेतनाची वयोमर्यादा आणि वाळूजचा कामगार

नियत वयाआधी नोकरी सुटलेल्या सभासदाला घटवलेल्या दराने मिळणारी पेन्शन म्हणजे मुदतपूर्व निवृत्तिवेतन. खासगी कारखान्यांतील कामगारांसाठी याचा आधार म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५. कामगारांच्या बोलण्यात तिचे नाव ‘ईपीएस पंच्याण्णव’. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली, १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेच्या जागी आली आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना ती चालवते. पूर्ण पेन्शनचे वय ५८ आहे. किमान १० वर्षे सेवा झालेला आणि नोकरी सोडलेला सभासद पन्नाशीनंतर केव्हाही पेन्शन मागू शकतो. मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी असतील तितक्या वर्षांसाठी दरसाल ४ टक्के कपात होते. २००८ पर्यंत ही कपात ३ टक्के होती. पूर्ण पेन्शनचे वय ५८ वरून ६० करावे असा विचार वेळोवेळी पुढे येतो आणि पन्नाशीची खालची पायरीही वर उचलावी का, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो. ही पायरी उचलल्याने कामगार अधिक वर्षे काम करील असे गृहीत धरले जाते. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत ते गृहीतक टिकत नाही. तिथे तो अधिक वर्षे पगाराविना आणि पेन्शनविना राहील, एवढेच होईल.

छत्रपती संभाजीनगर शहराबाहेर अहिल्यानगर-पुणे रस्त्यावरची वाळूज औद्योगिक वसाहत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर झपाट्याने वाढली. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारे प्रेस शॉप, मशीन शॉप, कास्टिंगचे आणि रबर-प्लास्टिकचे कारखाने तिच्या भोवती उभे राहिले आणि त्यांत काम करणाऱ्यांनी बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर ही गावे-वसाहती भरून टाकल्या. १९८५ मध्ये बाविसाव्या वर्षी कामाला लागलेला कामगार २०२१ मध्ये ५८ वर्षांचा झाला. म्हणजे या वसाहतीची पहिली पूर्ण पिढी नुकतीच पेन्शनीत आली आहे आणि योजनेचे खरे मोल तिच्या हिशेबातच तपासता येते. हे काम उभ्याने करायचे असते. तीन पाळ्या असतात, नाईट दर काही आठवड्यांनी येते आणि नगामागचा वेळ सेकंदांत बांधलेला असतो. पन्नाशीच्या ऑपरेटरला चाळिशी लागलेली असते, कंबर आणि गुडघे बोलू लागलेले असतात, आणि टार्गेट मात्र शेजारच्या पंचविशीतल्या कंत्राटी पोराएवढेच असते. अशा वयात कंपनी बंद पडली, स्थलांतरित झाली किंवा व्हीआरएस आली, तर दुसऱ्या गेटवर परमनंट नोकरी मिळणे जवळजवळ अशक्य. सिक्युरिटीचे, भाजीच्या गाडीचे किंवा गावाकडच्या कोरडवाहू दोन एकरांचे पर्याय उरतात.

आता हिशेब. पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा भागिले ७० हे योजनेचे सूत्र. पगार प्रत्यक्षात कितीही असला तरी बहुतेकांसाठी तो कमाल मर्यादेपाशी अडतो. ही मर्यादा १९९५ मध्ये ५,००० रुपये होती, जून २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. वरच्या उदाहरणातला कामगार ५८ पर्यंत टिकला असे धरू. नोव्हेंबर १९९५ ते ऑगस्ट २०१४ ही सुमारे १९ वर्षे ६,५०० च्या दराने आणि पुढची ७ वर्षे १५,००० च्या दराने मोजली, तर महिन्याला सव्वातीन हजारांच्या आसपास रक्कम येते. १९९५ पूर्वीच्या सेवेची आणि २० वर्षे पूर्ण केल्याबद्दलच्या २ वर्षांची भर वेगळी. तोच कामगार २०१३ मध्ये पन्नासाव्या वर्षी बाहेर पडून तेव्हाच पेन्शन घेता, तर १८ वर्षांच्या सेवेवर सुमारे १,६७० रुपये आणि कपातीनंतर बाराशेच्या घरात उरले असते. या पेन्शनीवर महागाई भत्ता नाही. म्हणजे ज्याला जरासाही दुसरा मार्ग आहे, तो बाराशे रुपयांसाठी लवकर बाहेर पडणार नाही. ही वाट धरणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याची नोकरी आधीच गेलेली आहे.

निधीच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येत नाही. पेन्शन निधीत मालकाकडून पगाराच्या ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारकडून १.१६ टक्के येतात. कामगाराचे स्वतःचे १२ टक्के पीएफमध्ये जातात. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दरमहा १,२५० रुपयांचा आकडा दिसतो, तो १५,००० च्या मर्यादेमुळेच. पन्नाशीला पेन्शन घेणाऱ्याला साधारण तीन-दशांश कमी मिळते, पण आठ वर्षे जास्त मिळते. व्याज सोडून नुसती बेरीज केली तरी ५८ ला घेणारा त्याला गाठतो तो सत्तरी ओलांडून सात-एक वर्षांनी. व्याज धरले तर आणखी उशिरा. तेव्हा ४ टक्क्यांची कपात निधीचा पूर्ण खर्च भरून काढत नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत पहिल्या तीन वर्षांसाठी ही कपात वर्षाला साडेसहा टक्क्यांहून जास्त आहे. परंतु निधीवरचा हा भार उचलायचा कोणी? पन्नाशीला पेन्शन घेण्याचा हक्कच काढून घेतला, तर सगळा भार वसाहतीतल्या सर्वांत अडलेल्या माणसावर पडतो. तेवढीच रक्कम सरकारचा १.१६ टक्क्यांचा वाटा वाढवून सगळ्यांत वाटता येते.

दुसरा आक्षेप आयुर्मानाचा. नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतातील जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान १९९१-९५ मध्ये सुमारे ६० होते, २०१६-२० मध्ये ७० झाले. पण या वाढीत मोठा वाटा बालमृत्यू घटल्याचा आहे. पन्नाशीच्या प्रेस ऑपरेटरच्या हातात दहा वर्षे वाढली, असा त्याचा अर्थ नाही. आणि वाढलेल्या आयुष्यात मशीनवर उभे राहण्याची ताकदही वाढली, असा तर मुळीच नाही. महाराष्ट्रातील राजपत्रित अधिकाऱ्यांचा महासंघ निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करण्याची मागणी करतो, ती रास्त असू शकते, कारण त्यांची खुर्ची शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत असते. वाळूजच्या शिफ्टमध्ये ती हमी नाही. परदेशातही हा भेद पाळला गेला आहे. अमेरिकेने १९८३ च्या कायद्याने पूर्ण लाभाचे वय टप्प्याटप्प्याने ६५ वरून ६७ केले, तरी मुदतपूर्व लाभाचे ६२ हे वय हलवले नाही. फ्रान्सने २०२३ मध्ये ६२ चे ६४ करताना लहान वयात कामाला लागलेल्यांसाठी लवकर बाहेर पडण्याची वाट ठेवली.

वय उचलायचेच असेल, तर ते सेवेच्या वर्षांशी आणि कामाच्या जातीशी जोडावे. २० वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना, पाळ्यांत आणि मशीनवर राबलेल्यांना आणि कारखाना बंद पडून बाहेर फेकले गेलेल्यांना पन्नाशीचा हक्क कायम ठेवून इतरांसाठी मर्यादा हळूहळू ५५ कडे नेणे समजण्यासारखे आहे. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर वयाआधी १० वर्षांच्या अटीचाच विचार व्हायला हवा. ठेकेदार बदलला की सेवेत खंड पडतो, जुना खाते क्रमांक नव्याला जोडला जात नाही, आणि पंधरा वर्षे त्याच वसाहतीत राबलेला माणूस कागदावर सात वर्षांचाच ठरतो. त्याच्यासाठी वय ५० असो की ५८, पेन्शन सुरूच होत नाही; त्याला मिळते ती फक्त एकरकमी रक्कम. दरम्यान, किमान पेन्शन ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता ही पेन्शनरांच्या संघटनांची मागणी आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारने ठरवलेली किमान पेन्शन १,००० रुपये आहे.