गोळी दरवेळी तिथेच बसली पाहिजे

मी कोड लिहून पोट भरतो, बंदूक कधी हातात धरलेली नाही. तरी आजची गोष्ट बंदुकीची आहे. खरं तर मोजमापाची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत शूट्झेन स्पर्धा जोरात होत्या. जर्मन स्थलांतरितांनी रुजवलेल्या. उभं राहून २०० यार्डांवर नेम धरायचा. गोळी मऊ शिशाची. ती जराशी तिरकी बसली, की नळीतल्या खाचांत शिरताना वाकडी दबायची. नेमबाज तोच, दारू तेवढीच, तरी नेम भलतीकडे!

हार्टफर्डचा हॅरी पोप यामागे हात धुऊन लागला. गडी एमआयटीचा, १८८१ चा इंजिनियर. त्याच्या रायफलीत दारूची पुंगळी मागून जायची, पण गोळी नळीच्या तोंडातून. तोंडावर 'फॉल्स मझल', म्हणजे त्याच नळीचा कापलेला तुकडा, त्यामुळे गोळी सरळच शिरायची. मग गजानं ती पुंगळीच्या अगदी पुढ्यात नेऊन ठेवायची. दरवेळी तिथेच. फॉल्स मझलचं पेटंट १८४० चं, अल्वन क्लार्कचं. हाच पुढे दुर्बिणींसाठी गाजला!

१९०६ मध्ये पोपनं सॅन फ्रान्सिस्कोत दुकान मांडलं आणि एप्रिलच्या भूकंपात ते गेलं. जर्सी सिटीत त्यानं पुन्हा शून्यातून सुरुवात केली.

मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मॅन पोपच्या नळ्या घेऊन वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. माणसाचा हात थरथरतो, म्हणून त्यांनी नळी काँक्रीटच्या ओट्यावर टेकवली. १९०९ च्या पुस्तकात त्यांनी दाखवून दिलं, की गोळीचं बूड जरा बिघडलं तरी नेम हलतो.

आज घरी काडतुसं भरणारे हौशी नेमबाज गोळी पुंगळीतच बसवतात, पण अनेकजण खोली टोकापासून मोजत नाहीत. एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकंही कमीजास्त असतात. म्हणून मोजायचं ते काडतुसाच्या बुडापासून 'ओगिव्ह'पर्यंत, म्हणजे नाकाच्या उतारावर जिथे गोळी खाचांना भिडते तिथपर्यंत. हा नुसता नेमाचा प्रश्न नाही. गोळी फार खोल गेली तर आतली जागा कमी होते, दाब वाढतो आणि जीवावर बेतू शकतं.

मागे आमच्या टीमनं एका बगपायी तीन रात्री जागून काढल्या. कोड बरोबर होता, आम्ही वेळ चुकीच्या ठिकाणापासून मोजत होतो. तेव्हा पोप माहीत असता, तर निदान दोन रात्री झोप मिळाली असती.

भेटूया पुढच्या भागात!