आचार्य आणि आचारी

एका लिपीतील मजकूर दुसरीत उतरविणे हे काम मराठी लेखणीस नवे नाही. मोडी कागद बालबोधीत उतरविताना एक अडचण हटकून येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. बालबोधीत तो पाळावाच लागतो. जे मुळात लिहिलेलेच नाही, ते उतरविणाराने आपल्या भाषाज्ञानाने पुरवावयाचे असते. पुढे असेच काम संगणकाकडे आले. अडचणही त्याच्यामागून आली.

संगणकास अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षरास कोणता आकडा, याच्या ठरावास संकेत म्हणतात. भारतीय लिप्यांचा 'इस्की' हा संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्यात नागरी, बंगाली, तेलुगू या सर्वांच्या 'क'ला एकच आकडा होता. लिपी कोणती, हे वेगळी खूण सांगे. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडने १९८८च्या इस्कीचीच मांडणी उचलली. परंतु प्रत्येक लिपीस १२८ घरांची स्वतंत्र आळी दिली.

मांडणी एकच असल्याने रूपांतर म्हणजे केवळ घरक्रमांक बदलणे, असे वाटेल. तसे नाही. अक्षर जोडाक्षरात न मिसळता पाय मोडूनच दिसावे, यासाठी इस्कीत हलन्त दोनदा लिहितात; युनिकोडमध्ये हलन्तापुढे एक अदृश्य चिन्ह ठेवतात. इस्कीतील ॐ म्हणजे चंद्रबिंदूपुढे नुक्ता. युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र घर आहे. म्हणून 'आयसीयू'सारख्या आज्ञावली-संग्रहास पुढचा आकडा पाहिल्याखेरीज मागचा उतरविता येत नाही.

आम्हां मराठी लोकांचा खरा प्रश्न निराळाच आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी यांचे अंतर आहे, आणि ते एका लहानशा रकारावर उभे आहे. हिंदीस त्या रकाराची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो: 'ऱ' व हलन्त, ही इस्कीपासून आलेली रीत, किंवा साधा 'र', हलन्त आणि जोड सुचविणारे अदृश्य चिन्ह. दुसऱ्या रीतीतील ते चिन्ह निरुपयोगी समजून एखाद्या आज्ञावलीने गाळले, की आचारी तत्काळ आचार्य होतात. शिवाय एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधू जाता सापडत नाही.

परप्रांतीच्या कचेरीत अशी चूक शेजारच्या मेजावरील गृहस्थांच्या नजरेस येणार नाही. त्यांच्या भाषेत ती चूकच नव्हे. तेथे मराठी नावांची यादी नव्या संकेतात उतरली, की तीतले रकार तपासण्याचे काम आम्हांकडेच येते.