गेलेन-शिरेची विकृती

गेलेन-शिरेची विकृती : मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेल्या शिरेत धमन्यांचे रक्त केशवाहिन्यांना वगळून थेट शिरत राहिल्यामुळे ती शीर बेसुमार फुगण्याचा, जन्मजात व अत्यंत विरळ असा बालविकार. वास्तविक जी वाहिनी फुगते ती प्रौढाची गेलेन-शीर नसून, गर्भावस्थेत सहाव्या ते अकराव्या आठवड्यांच्या सुमारास लुप्त व्हावयाची एक भ्रूणकालीन शीर होय, असे रेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले.

गर्भाशयात असेतोवर वारेतील अल्प दाबाच्या अभिसरणामुळे विकृतीकडे जाणारा रक्तौघ काहीसा आटोक्यात राहतो. परंतु नाळ कापली जाताच तो सारा मेंदूकडे वळतो आणि नवजाताचे हृदय त्या भाराखाली निकामी होऊ लागते. टाळूवर स्टेथॉस्कोप ठेवला असता सतत घरघर ऐकू येते. काही महिन्यांच्या बाळात मात्र डोके वाढणे, कपाळावरील शिरा ठळक होणे व जलशीर्ष ही लक्षणे प्रमुख असतात.

कवटी उघडून केलेल्या पूर्वीच्या शस्त्रक्रियांत अशी नवजात मुले बहुतांशी दगावत. हे चित्र पालटले ते जांघेतील किंवा नवजातात नाळेच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, रक्ताशी संपर्क येताच घट्ट होणारा गोंद, धमन्या शिरेत जेथे उघडतात त्या छिद्रांत सोडण्याच्या पद्धतीमुळे. हे काम किती नाजूक आहे ते, तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्तच सुमारे अडीचशे मिलिलिटर असते एवढ्यावरून ध्यानात यावे. पॅरिसनजीकच्या बिसेत्र रुग्णालयातील पिएर लाझोनियास यांनी हृदय, मेंदू, श्वसन, यकृत व मूत्रपिंड यांची अवस्था तपासून एकवीसपैकी गुण देण्याची तजवीज केली : आठाहून कमी गुणांस उपचाराची शिफारस नाही, आठ ते बारा गुणांस तातडीचा इलाज, आणि त्याहून अधिक असल्यास औषधांवर सांभाळून सुमारे पाच महिन्यांपर्यंत थांबणे. घाई न करण्याची ही मुभा हेच त्यांचे सर्वांत मोठे देणे मानावे लागेल. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात धमनीमार्गे उपचार केलेल्या २१६ मुलांपैकी २३ दगावली, आणि वाचलेल्यांपैकी १४३ मज्जासंस्थेच्या दृष्टीने निकोप होती. जलशीर्षासाठी आधीच पाणी काढणारी नळी बसविणे मात्र घातक ठरू शकते. मूळ रक्तप्रवाह रोखला की डोक्यातील दाब बहुधा आपोआप उतरतो.

मार्च २०२३ मध्ये बॉस्टन येथे ३४ आठवड्यांच्या गर्भाच्या या शिरेत, मातेच्या उदरातून सुई नेऊन धातूची वेटोळी बसविण्यात आली. जन्मल्यावर त्या बाळाच्या हृदयाला औषधांचा आधार द्यावा लागला नाही.