रबाबाचे ऋण

वाङ्मयेतिहासात कवीचे नाव उरते, वादकाचे सहसा उरत नाही. शीख परंपरेचा आरंभ मात्र या दोघांना वेगळे करू देत नाही. गुरू नानकांच्या (१४६९–१५३९) जन्मसाखींत, म्हणजे चरित्रकथांत, त्यांच्यासोबत सतत दिसतो तो रबाब वाजवणारा भाई मरदाना. जातीने मिरासी, धर्माने मुसलमान. १६०४ मध्ये गुरू अर्जन यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा पदांची मुख्य मांडणी कवींनुसार नव्हे, रागांनुसार केली. म्हणूनच आपल्या नामदेवांच्या नावाची सुमारे ६० पदे तेथे निरनिराळ्या रागांत विखुरलेली आढळतात. त्याच ग्रंथात सत्ता आणि बलवंड या रबाबी गायकांची रामकली रागातील ‘वार’ आहे. गुरूंशी त्यांचे बिनसले होते, असे परंपरा सांगते. तरी त्यांची रचना वगळली गेली नाही. पुढे मरदान्याचा वारसा सांगणारे मुसलमान रबाबी अमृतसरच्या हरमंदिरात १९४७ पर्यंत कीर्तन करीत. फाळणीने त्यांना पाकिस्तानात लोटले. त्यांचे श्रोते सीमेच्या अलीकडे राहिले. शब्द ग्रंथात टिकतात, चाल मात्र गळ्यातून गळ्यात जाते. संतकाव्य केवळ संहिता म्हणून वाचताना हा तुटलेला दुवा ध्यानात असावा.